सव्वा महिना

दिवस १. पहाटे विमानतळाकडे प्रयाण. दुपारी पटाया येथे आगमन. हॉटेलात विश्रांती. संध्याकाळ मोकळी.

पत्रक मराठीतच छापलेलं होतं आणि मालन चौथी शिकलेली होती. नवऱ्याची पॅण्ट भिजत घालताना खिशात हाताला गुळगुळीत कागद लागला. तिनं तो पुसला, चार घड्या घातल्या आणि तांदळाच्या पिंपात खाली दडवला. वर मोठ्या अक्षरांत ‘पावसाळी सवलत’ होतं, त्याखाली ‘फक्त पुरुषांसाठी’, आणि तळाला गावातल्याच महेंद्रचा फोन नंबर.

घरात मात्र बालाजीला जायचं ठरलेलं होतं.

दिवा स्टेशनच्या मागच्या या गावाची खाजणं, खाडीकाठची शेतं, आधी रस्त्यानं घेतली, उरलेली बिल्डरनं. त्या वर्षापासून गावातल्या पुरुषांना बालाजीची ओढ लागली. पहिल्या वर्षी पाच जण गेले होते. यंदा अठरा. आणि मुहूर्त दर वर्षी आषाढातला, लावणीच्या ऐन तोंडावर. तिकडे त्या महिन्यात पाऊस असतो, गिऱ्हाईक कमी असतं, हॉटेलं अर्ध्या भाड्यात मिळतात. हे महेंद्रनं एकदा ओटीवर बसून मालनच्या नवऱ्याला, चांगदेवला, समजावलं होतं. आत मालन भाकऱ्या थापत होती. मधली भिंत चार इंचांची.

यंदा नवीन एवढंच, की विनीतही निघाला. मालनचा एकुलता एक मुलगा. लग्नाला वर्ष झालेलं, आणि त्याच्या बायकोला, प्राचीला, चौथा महिना लागलेला.

“लावणी हाय,” मालन चांगदेवला म्हणाली. “मजूर एक पन मिलत नाय. पोराला तरी ठेवा.”

चांगदेव गुडघ्याला पट्टा चढवत होता. “मंग नको लावू. दोन एकराच्या भातावर आपन जगतंव क? चार बिल्डिंगा हायत दिव्याला.”

“देवाला पुढच्या वर्षी जाईल तो.”

“पोरगा मोठा झायला. गावचे सगले जातान. तो घरी बसला तर लोक काय बोलतील, बायकोनी बांधून ठेवलाय?”

आत प्राची नवऱ्याची बॅग भरत होती. तिचा आवाज आला. “काय रे, तिरुपतीला स्विमिंगची चड्डी कशाला?”

“अगं, कुंड असतं ना तिकडे. आंघोळ करायला लागते.”

प्राचीनं चड्डीची घडी घातली आणि बॅगेत ठेवली. मालनला दारातून तिची पाठ दिसत होती. घडी तिनं दोनदा घातली.

पहाटे गाड्या निघाल्या तेव्हा बायकांनी पुरुषांना कुंकू लावलं. महेंद्रनं गाडीच्या पायरीवर उभं राहून “गोविंदा, गोविंदा” असा गजर केला. अठरा जणांनी साथ दिली, आणि साथ देताना मागच्या बाकावर कोणीतरी फस्सकन हसलं.

दिवस २. स्पीड बोटीने बेटावर सफर. भारतीय जेवण. संध्याकाळ मोकळी.

सकाळी सातला मालन शेतात उतरली. पॉवर टिलरवाल्यानं आदल्या दिवशी चिखलणी केली होती. चिखल लोण्यासारखा झाला होता आणि त्याच्यावर समोरच्या पस्तीस मजली टॉवरची सावली पडली होती. रोपं उपटून मुठी बांधायच्या, मुठी चिखलात फेकायच्या, मग वाकून चार-चार काड्या रोवत मागं मागं सरायचं. या कामाला पंधरा बायका लागतात. होत्या तीन. मालन, शेजारची म्हातारी रखमाबाई, आणि तिसरी प्राची, जिला कोणी बोलावलं नव्हतं.

“बाय, तू वाकू नको. बांधावर बस, मुठी दे फक्त.”

“जमतं मला, आई.”

“काय जमतंय! दिव्याच्या खोलीत वाढलेली तू. पाय घसरला तर?”

“घरी एकटी बसून काय करू?” प्राची म्हणाली.

रखमाबाईनं अंगावरचा प्लास्टिकचा कागद नीट केला आणि म्हणाली, “येऊ दे ग. आमी नवव्या महिन्यान पन लावलाय.”

पाऊस सरळ पडत होता, न थांबता, न वाढता. दहा वाजेपर्यंत तिघींच्या पायांची बोटं पांढरीफटक पडली. मालन मागं सरताना दर वेळी प्राचीकडे बघत होती. साडी खोचल्यामुळे पोट दिसत होतं. अजून फारसं नाही, पण पाहणाऱ्याला दिसेल एवढं.

मालनचंही असंच होतं, अकरा वर्षांमागं. विनीतनंतर खूप वर्षांनी राहिलं होतं. मुलगी व्हावी म्हणून तिनं एकवीस मंगळवार केले होते. सातव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. ठाण्याला नौपाड्यातल्या नीला डॉक्टरीणबाईंनी मोकळं केलं. मुलगीच होती. हाताच्या तळव्यांची कातडी सोललेली, जशी ती खाडीच्या पाण्यात राहून यावी. बाईंनी रक्त तपासलं, चार दिवसांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, “मालनताई, हा आजार तुमच्या नवऱ्याकडून आलाय. गरमी म्हणतात ना, तोच. साध्या इंजेक्शनानं बरा होतो. वेळेवर कळलं असतं तर बाळ वाचलं असतं.”

इंजेक्शनं दोघांनी घेतली. चांगदेवनं गावात सांगितलं, शुगरची हायत. गावानं सांगितलं, मालन तिन्हीसांजेला खाडीवरून आली तिथं काहीतरी लागलं. मालननं कोणालाच काही सांगितलं नाही. त्या आषाढापासून तिनं नवऱ्याला शिवू दिलं नाही आणि त्यानं फारसं विचारलंही नाही. त्याला बालाजी होता.

“आई, ओळ वाकडी होतेय का माझी?” प्राचीनं विचारलं.

“होऊ दे. भात काय सरल ओलीतूनच येतो क?”

दिवस ३. फळबागा, तरंगता बाजार. संध्याकाळ मोकळी.

दुपारी बांधावर भाकरी खाताना प्राचीचा फोन वाजला. घरच्या ग्रुपवर विनीतनं फोटो टाकला होता. चालत्या बसच्या काचेतून काढलेला. हिरवंगार शेत, गुडघाभर पाणी, टोपल्यांसारख्या टोप्या घातलेल्या सात-आठ बायका वाकून लावणी करतायत. खाली लिहिलं होतं, ‘आई बघ, इकडे पण चालू.’

फोटोत रस्त्याकडेला एक मोठा फलक होता. त्यावरची अक्षरं गोल गोल, जिलबीसारखी.

तिघींनी फोटो बघितला. रखमाबाईनं फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ.

“कुठली अक्षरं ही?” तिनं विचारलं.

पाऊस प्लास्टिकवर वाजत होता.

“तेलगू असंल,” शेवटी रखमाबाईच म्हणाली.

“हो,” प्राची म्हणाली. “तेलगूच.”

“तिकडं तेलगूच बोलतान.”

दोन मिनिटांत फोटो ग्रुपवरून गेला. ‘हा संदेश काढून टाकला आहे’ एवढंच उरलं. प्राचीनं फोन पिशवीत टाकला, राहिलेली अर्धी भाकरी कावळ्याला टाकली आणि चिखलात उतरली. मालन मात्र त्या टोपीवाल्या बायकांचा विचार करत राहिली. त्यांतली एकही वर बघत नव्हती. बस गेली तरी बघितली नसेल. त्यांच्या पोरी कुठं असतील, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं मुठीतल्या काड्या इतक्या जोरात रोवल्या, की त्या मोडल्या.

दिवस ४. खरेदी व मसाज. संध्याकाळ मोकळी.

रखमाबाईला ताप भरला. शेतात दोघीच.

मालननं रात्रभर ठरवलं होतं आणि सकाळपासून मोडत होती. उद्या ते येणार. उद्याच्या आत बोलायला हवं. पण काय म्हणून बोलायचं? हे सासू सुनेला सांगते का? स्वतःच्या अंगाची गोष्ट, नवऱ्याची गोष्ट, आणि आता पोटच्या पोराची.

तिनं प्राचीकडे न बघता, वाकलेली असतानाच सुरुवात केली. मान वर करून ते सांगताच आलं नसतं.

“बाय, ते बालाजीला नाय गेले.”

“माहितीये, आई.”

“कदीपासून?”

“चड्डीपासून.” प्राची हसली नाही. “त्याच्या आधीपासून. महेंद्रकाका याला हॉटेलच्या लिंक पाठवत होते.”

“मंग बोललीस नाय?”

“तुम्ही बोललात का कधी?”

मालन आणखी दोन पावलं मागं सरली. मग तिनं सगळं सांगितलं. मुलगी, तिचे हात, डॉक्टरीणबाईंनी लावून घेतलेलं दार, इंजेक्शनं, चांगदेवची शुगर. सांगताना हात थांबले नाहीत. चार काड्या, मागं. चार काड्या, मागं. सांगून झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं की शेजारची ओळ थांबली आहे.

प्राची सरळ उभी होती. दोन्ही हात चिखलानं भरलेले. ते पोटाला लावायचे, तर चिखल लागेल, म्हणून तिनं ते तसेच हवेत धरले होते.

“बाळाला होतं ते?” तिनं विचारलं.

“आयशीला झाला तर बालाला होतो.”

“आणि त्याला काही झालं असेल तर कळतं कधी?”

“तेच इचारायचं हाय.”

मालननं तिथूनच नौपाड्याला फोन लावला. नीला डॉक्टरीणबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण नाव सांगताच ओळखलं. त्या म्हणाल्या, निदान दीड महिना मुलाला तिच्याजवळ जाऊ देऊ नका. मग त्याचं रक्त तपासा. तीन महिन्यांनी परत तपासा. आणि मुलीला माझ्याकडे घेऊन या.

“बाय, तू दोन म्हयने आयशीकडं जा,” मालन म्हणाली. “मी सांगते सगल्यांना, बालंतपनाला लवकर धाडली.”

प्राचीनं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, समजावणं होतं.

“माझे आईबाबा कुठे राहतात, आई?”

ते दिव्याला राहत होते, चांगदेवच्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावरच्या खोलीत. प्राचीच्या वडिलांची, विठ्ठलरावांची, कंपनी बंद पडल्यावर लग्नाच्या बोलणीतच ती खोली ठरली होती. भाडं नाही, कागद नाही.

“तिकडे गेले तर दुसऱ्या दिवशी बाबाच मला आणून सोडतील,” प्राची म्हणाली. मग तिनं वाकून पुढची मूठ सोडली. तिची ओळ त्या दिवशी शेवटपर्यंत सरळ गेली.

दिवस ५. न्याहारीनंतर परतीचा प्रवास. गोड आठवणींसह मुंबईत आगमन.

बालाजीहून आलेल्या माणसाचं डोकं तुळतुळीत हवं. म्हणून विमानतळावरून येताना माजिवड्याला एका सलूनपाशी दोन्ही गाड्या थांबल्या आणि अठरा जणांनी तिथं ओळीनं डोकी करून घेतली. हेही दर वर्षीचं. फक्त समुद्रावरच्या उन्हानं तोंडं रापलेली असत आणि वरची कातडी दुधासारखी पांढरी, त्यामुळे प्रत्येकाच्या कपाळावर रेघ मारल्यासारखी हद्द दिसे. बायका ती हद्द बघत आणि त्यावरच अष्टगंध लावत.

देवळासमोर बेंजो वाजत होता. देवाहून आलेल्याचे पाय बायकोनं धुवायचे, ही गावची रीत. अठरा पाट मांडले होते, अठरा तांबे. मालन चांगदेवच्या पायाशी बसली. त्याच्या पायाच्या बोटांत अजून वाळू होती. तिच्या बोटांत चिखल्या झालेल्या, पाणी लागलं की आग होत होती. पलीकडच्या पाटावर विनीत. प्राची त्याच्या पायांवर पाणी घालत होती, आणि तो खाली वाकून हळूच म्हणाला, “जास्त वाकू नकोस, बरी आहेस ना? मिस केलं तुला.”

ते ऐकलं आणि मालन उभी राहिली. आपण काय बोलणार आहोत हे तिला तोवर ठाऊक नव्हतं.

“एक राहिलं,” ती मोठ्यानं म्हणाली. बेंजोवाल्याला तिनं हातानं थांबवलं. “बालाजीला केस दिले. आथा सव्वा महिना पालायचा. पलंगावर निजायचं नाय, घरातल्या बाईला शिवायचं नाय. नायतर नवस उलटा फिरतो.”

“हे कुठलं नवीन काढलंस?” चांगदेव पाटावरूनच म्हणाला.

“नवीन कुठं?” मागून आवाज आला. रखमाबाई, तापातून उठून आलेली, डोक्याला फडकं बांधलेली. “माज्या सासऱ्यानी पाललेला. ओटीवर घोंगडीवर निजायचा.”

“काकी, असं कुठं लिवलंय?” महेंद्र हसत म्हणाला.

“तुज्या मोबाईलमदी नाय लिवलेला. बालाजीनी सांगितला नाय क तुमाला? भेटला होता ना?”

मग तिसऱ्या पाटापाशी बसलेली एक म्हणाली, “माझी आई पण सांगायची हे.” मग पाचवी. मग सगळ्याच. सव्वा महिना, सव्वा महिना, असं बायकांत पसरत गेलं. अठरा पुरुष पांढऱ्या डोक्यांनी ओले पाय पुढं करून बसले होते आणि एकालाही तोंड उघडता येत नव्हतं. उघडायचं म्हणजे आपण कुठं गेलो होतो ते सांगायचं.

अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला हसू आलं आणि तिनं ते पदरात धरलं.

पत्रक पाचव्या दिवशी संपत होतं. पुढचे दिवस छापलेले नव्हते.

दिवस ७.

बापलेक ओटीवर चटईवर. मालन आत, प्राचीच्या खोलीच्या दारात आडवी चटई टाकून. विनीतला सुरुवातीला गंमत वाटली. शेतातून आलेल्या आईशी तो गप्पा मारत बसला. तिला सगळं ठाऊक आहे हे त्यानं ओळखलं होतं.

“तिकडे एक पोरगी होती,” तो म्हणाला. “म्हणजे नुसते बोललो आम्ही. तेवीस वर्षांची. मोबाईलमध्ये ट्रान्सलेट करून बोलत होती. तिच्या आईची पण लावणी चालू होती गावाला. तिला मी तुझा फोटो दाखवला, शेतातला.”

“माझा फोटो दाखवलास?”

“हां. ती बोलली, सेम माझी आई.”

मालन पायाच्या बोटांत हळद-तेल भरत होती.

“नाव काय तिचं?”

विनीतनं आठवून बघितलं. “असं कायतरी छोटं होतं. आठवत नाय, आई.”

दिवस ११.

महेंद्र आला. ओटीवर बसला, चहा मागितला. हातात नवीन पत्रकं, शाईचा वास अजून ताजा.

“वैनी, तुमचे उपकार हायत,” तो म्हणाला. “तुमी घराघरात उपास लावला. लोकांनी मना फोन करून करून वेड लावलं. श्रावण लागायच्या आत आनखी एक बॅच काढतंय. या टायमाला व्हिएतनाम. पुढच्या वर्षी बाकू, ताश्कंद. गोऱ्या गोऱ्या... म्हंजे देवलं हायत तिकडं पन.” तो स्वतःच हसला. “कल्याणची दोन गावं, डोंबिवलीचं एक. पन्नास सीटा झाल्या. पयल्या वर्षी पाच मानसं जमवताना फेस आलेला तोंडाला.”

“आमी घरात बंदी केली म्हनून?”

“मंग! घरात बंदी, तर मानूस बाहेर जानार ना.”

चांगदेवनं नाव दिलं. विनीतनं नाही म्हटलं. मालनला वाटलं, पोरगा वळला. तिनं त्या दिवशी त्याच्यासाठी खाडीतल्या निवट्यांचं कालवण केलं आणि तो बोटं चाटून जेवला. व्हिएतनामला जाण्याआधी चांगदेवनं दिव्याच्या बिल्डिंगच्या चाव्यांचा जुडगा मुलाकडे दिला, तो व्यवहार आता त्यानं बघायचा म्हणून. मालनला त्यातही बरंच वाटलं. पोर कामाला लागेल.

दिवस १९.

विठ्ठलराव आले. छत्री दाराबाहेर ठेवली, चपला नीट जोडून ठेवल्या, खुर्ची दिली तरी तिच्या कडेवर बसले. एका पिशवीत फणसाची साठं.

“विहीणबाई,” ते मालनला म्हणाले, “देवाधर्माचं मला कळत नाही असं नाही. पण जावईबापू म्हणतात, पोरगी पंधरा दिवस खोलीचं दार लावून असते. सव्वा महिन्याचं असं कुठल्या पोथीत आहे?”

“पोथीत नाय. आमच्यात हाय.”

“तिनं हट्ट धरलाय का काही?”

“हट्ट माझा हाय. तिचा नाय.”

विठ्ठलरावांनी ओल्या रुमालानं मान पुसली. मग आतल्या खोलीकडे बघत, मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल असं म्हणाले, “प्राची, जावईबापूंनी काल खोलीला रंग काढायला माणूस पाठवला होता. मापं घेऊन गेला, सामान हलवायला लागेल म्हणाला. आईनं तुझ्या काल जेवण केलं नाही बाळा.”

विनीत मोबाईलमध्ये बघत होता. मालननं त्याच्याकडे बघितलं, तो वर बघेपर्यंत.

“रंग काढतोस?”

“खोली आहे, मेन्टेनन्स नको करायला?”

“इन्या, तुज्याशी मी एक बोलते, सगल्यांच्या समोर बोलते,” मालन म्हणाली. “रक्त तपासून ये. तपासलंस, आनि चांगला निघाला, तर मी आज दारातून उठते.” दीड महिना भरायचा होता हे तिला ठाऊक होतं, पण तोवर ती खोली राहिली नसती.

विठ्ठलराव चपापले. त्यांना कळलं, आणि कळल्याबरोबर ते जमिनीकडे बघू लागले. खुर्चीच्या कडेवरून ते आणखी पुढं सरकले, जणू उठून जायलाच निघाले होते.

“आई, मी काही केलेलं नाही. बाबांची शप्पथ.”

“मंग तपासायला काय जातंय?”

“ओके,” विनीत म्हणाला. “तपासतो. डन. एवढंच ना?”

इतक्या सहज तो हो म्हणेल असं मालनला वाटलं नव्हतं. तिनं विठ्ठलरावांना आग्रहानं जेवायला घातलं. ते खाली मान घालून जेवले, आणि जाताना मुलीच्या दारावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले.

दिवस २३.

सकाळी अकराला विनीत लॅबचं पाकीट घेऊन आला. टेबलावर टाकलं. “घे. नॉर्मल आहे सगळं. वाच.”

पाऊस उघडला होता. शेतात तणाची बेणणी करायची होती, मालन विळा हातात घेऊन निघालीच होती. तिनं विळा खाली ठेवला, हात पदराला पुसले. कागद इंग्रजीत होता. वर रंगीत चिन्ह, खाली रांगेनं आकडे.

“प्राची, वाच ग.”

प्राची आली. तिनं कागद दोन्ही हातांत धरला. वरपासून खालपर्यंत वाचला, मग परत वरून. मालन तिच्या खांद्याशी उभी होती. इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती, पण आकडे येत होते. बसचे नंबर, वजनकाट्याचे आकडे, गॅस सिलिंडरवरची तारीख, हे सगळं ती इंग्रजीतच वाचत असे. वरच्या ओळीत, नाव असतं त्याच्या शेवटी, आकडा होता ५१. या चैत्रात चांगदेवला एक्कावन्न पुरी झाली होती. दर सहा महिन्यांनी तो शुगर तपासायला जात असे, याच रंगीत चिन्हाच्या लॅबमध्ये.

विनीत पंख्याखाली उभा राहून शर्टाची बटणं सोडत होता. डोक्यावर त्याच्या नखभर केस आले होते.

“काय लिवलंय?” मालननं विचारलं.

प्राचीनं मान वर केली नाही. “चांगलं आहे, आई.”

“सगला?”

“सगळं नॉर्मल.”

“वय किती लिवलंय, बाय?”

प्राचीचा अंगठा वरच्या ओळीवर सरकला. कागद जरासा वाजला.

“पंचवीस,” ती म्हणाली.

मालन तिच्याकडे बघत राहिली. प्राचीनंही आता तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत एकच विनंती होती, की पुढं काही विचारू नका. तिनं कागदाच्या चार घड्या घातल्या.

“बरं,” मालन म्हणाली.

तिनं दारातली चटई गुंडाळली. गुंडाळी नीट बसेना, म्हणून पुन्हा उलगडली आणि पुन्हा गुंडाळली. चटई तिनं ओटीवर नेऊन ठेवली. विळा उचलला. मागं दार लागल्याचा आवाज आला तेव्हा ती अंगणात होती. ती थांबली नाही. शेतात भातानं चांगली मुळं धरली होती, आणि त्याच्या मध्ये मध्ये तण उभं होतं, भाताच्याच रंगाचं. ती बांधावरून उतरली आणि वाकली.